अंगात राहिलेला फेस

मित्रांनो, मी एक जुने झबले आहे. दीड वीत कापड आणि समोर दोन बंद, एवढाच माझा पसारा. पण एवढ्याशा मला कशाने धुवावे यावरून मोठी माणसे जेवढी भांडली, तेवढी शेताच्या बांधावरूनही कोणी भांडत नसेल. त्या भांडणात सगळ्यांचे मत घेतले गेले. घेतले नाही ते फक्त माझे. म्हणून आज मी बोलणार आहे.

माझा जन्म मुदखेडचा. सरजाबाईंचे एक सुती लुगडे होते. धुऊन धुऊन ते सायीसारखे मऊ झाले होते. सून बाळंत होणार म्हणून त्यांनी ते फाडले आणि मला हाताने शिवले. बाळाला टोचू नये म्हणून शिवणी मुद्दाम बाहेरच्या अंगाला घेतल्या. नात झाली. तिचे नाव सुमेधा. मला पहिल्यांदा तिच्या अंगात घातले तेव्हा ती रडायची थांबली आणि झोपून गेली. कपड्याला याहून मोठी शाबासकी कोणती?

सुमेधाचे वडील भुजंग लातूरला कारकून होते. लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. नवी कार्यालये, नव्या पाट्या, बदलून आलेले साहेब आणि त्यांच्यामागे आलेले कारकून. सुमेधा जरा मोठी झाल्यावर तिची आई पंचशीला तिला आणि मला घेऊन तिथल्या भाड्याच्या खोलीत आली. शहरात सगळे नवे होते, पाणी मात्र नव्हते. पाऊस लागोपाठ हुकला होता. अंगणातल्या हापशाला खारे पाणी येई. त्यात साबण घासून घासून हात दुखत, पण फेस येत नसे. उलट कपड्यावर चिकट पांढरा थर बसे. गोडे पाणी टँकरने येई, आणि ते फक्त पिण्यासाठी.

एके दिवशी भुजंग बाजारातून धुण्याची सुटी पावडर घेऊन आले.

"खाऱ्या पाण्यात बी फेस येतो बघ हिला. हापिसातले समदे हीच नेऊन राहिले," ते ऐटीत म्हणाले.

फेस आला. आला म्हणजे काय, बादलीच्या बाहेर आला! पंचशीलाही खूश झाली. पण मित्रांनो, आलेला फेस घालवायलाही पाणी लागते, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. अर्ध्या बादलीत मला, लंगोटांना आणि दुपट्याला एकदाच बुचकळले, पिळले आणि तारेवर टाकले. उन्हात वाळून मी पापडासारखे कडक झाले. सायीसारखे होते हो मी! आणि पावडर माझ्या धाग्याधाग्यात तशीच बसून राहिली.

काही दिवसांतच सुमेधाच्या अंगावर लाल पुरळ उठले. ती किरकिर करू लागली. मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या हसीनाआपा म्हणाल्या, "उष्णता झाली बच्चीला. तू तुरीची डाळ सोड." पलीकडच्या खोलीतून निरोप आला की दात येत असतील. दात! त्या पोरीला अजून नीट मान धरता येत नव्हती. भुजंगांचे तर विचारूच नका.

"कपड्यात मळ राहून जात असंल," ते म्हणाले. "एकीच्या जागी दोन मुठी टाक."

दोन मुठी! माझ्या जागी तुम्ही असता तर बंद तोडून पळून गेला असता.

पुरळ वाढले. काखेत आणि गळ्याशी कातडी फुटली. पोर अंगावर पिताना मधेच सोडून रडायची, आणि तिच्याबरोबर पंचशीलाही रडायची. कळवल्यावर सरजाबाई मुदखेडहून आल्या. नातीला पाहून त्यांचा जीव खालीवर झाला, आणि तो सगळा राग सुनेवर निघाला.

"तुझं दूधच उष्ण हाय, पंचशीला. सारखा चहा ढोसतीस. तेच लेकराच्या अंगावर फुटून राहिलं."

"आत्याबाई, मी एकच वेळ घेते चहा."

"मग कशानं झालं? आभाळातून पडलं? अंगावर पाजायचं बंद कर. मी पोरीला मुदखेडला नेते. शेळीचं दूध घालीन, बरी व्हईल."

पंचशीलाने नवऱ्याकडे पाहिले. भुजंग खाली बघून चपलेचा अंगठा नीट करत राहिले. तिने पोरीचे गाठोडे बांधायला घेतले. मी तेव्हा सुमेधाच्याच अंगात होते आणि आतून ओरडत होते, की दूध नव्हे, मी, मी, ती माझ्यातली पावडर! पण झबल्याला तोंड कुठे असते?

प्रवासासाठी कपडे बदलायचे म्हणून पंचशीलाने माझे बंद सोडले आणि मला काढले. आणि ती तशीच बघत राहिली. सुमेधाचे तोंड स्वच्छ होते. पंजे स्वच्छ होते. माझा गळा जिथे टेकत होता तिथून लाली सुरू होत होती आणि माझी बाही संपते तिथे ती संपत होती. जणू कोणी माझ्या कडेकडेने पेन्सिल फिरवली होती. लंगोटाखालीही तसेच.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "दुधानं झालं असतं तर तोंडावर बी उठलं असतं ना?"

"आता मला शिकव तू!"

पंचशीला घागरीपाशी गेली. तिने वाटीभर पिण्याचे पाणी घेतले, माझी कड त्यात भिजवली आणि बोटांनी चोळली. काल धुऊन वाळवलेल्या माझ्यातून पांढरा फेस निघाला. तिने तो सासूच्या तळहातावर पिळला. सरजाबाईंनी बोटाने चोळून पाहिला, जिभेच्या टोकाला लावला आणि दारात जाऊन थुंकल्या.

"अगं माय गं! हे घालून राहिलो आपण लेकराला?"

"पण आता हे काढायचं कसं?" भुजंग म्हणाले. "खाऱ्या पाण्यात निघंना. अन् गोडं पाणी एकच घागर हाय. टँकर कधी येतो पत्ता न्हाई. प्यायचं पाणी धुण्यात घालती का?"

"घालते," पंचशीला म्हणाली. तिचा आवाज एवढा चढलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. "लेकरू माझ्यापासून तोडून न्यायला निघाले, तवा तुम्ही गप होता. आता बी गपच बसा."

सरजाबाई उठल्या. मला वाटले, आता सुनेचे काही खरे नाही. पण त्यांनी कोपऱ्यातली घागर उचलली आणि बादलीवर वाकवली.

"धर गं. तुझा तर तुझा, आज माझा बी चहा बंद."

मोठे आवाज ऐकून हसीनाआपा दारात आल्या होत्या. त्या आल्या तशा परत गेल्या आणि आपली भरलेली कळशी घेऊन आल्या. "एका घागरीत काय व्हतंय? ही बी घ्या. टँकरपर्यंत आपण समदे मिळून भागवू."

पहिल्यांदा मला खळबळले तेव्हा पाणी दुधासारखे झाले. दुसऱ्यांदा ताकासारखे. पुन्हा एकदा खळबळले, तेव्हा कुठे बादलीचा तळ दिसला. काढलेले पाणी फेकले नाही. भांडी आणि फरशी त्यातच निघाली. तारेवर वाळताना वारा माझ्यातून आरपार जाऊ लागला, तेव्हा मला पुन्हा कापड झाल्यासारखे वाटले.

गाठोडे सुटले. सुमेधा आईपाशीच राहिली. लाली उतरत गेली, फुटलेली कातडी भरून आली आणि ती पुन्हा पोटभर पिऊ लागली.

आता पुढे मला कशाने धुवायचे? झाले, पुन्हा पंचायत! हसीनाआपा म्हणाल्या रिठा, सरजाबाई म्हणाल्या हिरवा बार, भुजंग म्हणाले निळी पावडर, तिला वास लई छान. वास! बाळाला काय लग्नाला जायचे होते? पंचशीलाने सगळ्यांचे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "निघतं कोणतं लवकर?" तिने यातल्या प्रत्येक वस्तूने आणि घरातल्या साध्या साबणानेही एकेक लंगोट धुतला, वाळवला आणि पुन्हा भिजवून चोळून पाहिला. बिनवासाचा, साधा पांढरा साबण थोड्याशा गोड्या पाण्यात सगळ्यांत लवकर निघाला. मग तोच ठरला, तोही नखाएवढा. आधी बाळाचे कपडे, मग त्याच पाण्यात मोठ्यांचे. उरलेली पावडर भुजंगांच्या शर्टांना गेली. ते शर्ट कडक राहायचे. त्यांना ते आवडायचे.

सरजाबाई गावी निघाल्या तेव्हा उंबऱ्याशी थांबल्या. "तुझ्या दुधाला नावं ठेवली मी," त्या म्हणाल्या. "माझी जीभ बी एकदा खळबळून काढाया पायजे."

"राहू द्या, आत्याबाई," पंचशीला म्हणाली. "पाणी कमी हाय."

दोघी एवढ्या हसल्या की सुमेधा दचकून रडायला लागली.

पुढे सुमेधा मला पुरेना. मी हसीनाआपांच्या लेकीच्या, मलिकाच्या, बाळाकडे गेले आणि धुऊन, नीट घडी होऊन परत आले. त्यानंतर मात्र मला पेटीच्या तळाशी ठेवले, डांबराच्या गोळ्यांसोबत. बाळाच्या कपड्यात डांबराच्या गोळ्या! तेव्हाही मला कोणी विचारले नाही. आता माझे बंद तुटले आहेत, कापड विरले आहे आणि कधीतरी माझे पुसणे होईल. त्याचे मला वाईट वाटत नाही.

पण मित्रांनो, तुमच्या घरी बाळ येईल, तेव्हा त्याचे कपडे फार फेसाने आणि फार वासाने नटवू नका. थोडे लावा आणि पुष्कळ खळबळा. पाणी कमी असेल तर साबण त्याहून कमी घ्या. आणि बाळ रडू लागले, अंगावर लाली दिसली, तर त्याचे झबले ओले करून आधी चोळून पाहा. आईच्या दुधाला नावे ठेवायला नंतर सगळे आयुष्य पडले आहे.