सुमनताईंच्या पडद्यावरची मोठी अक्षरे

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. सध्या मारुंजीतल्या एका भाड्याच्या खोलीत, कोपऱ्यातल्या टेबलावर, चादरीखाली असतो. आयुष्य मात्र माझे गेले ते संत तुकाराम नगरात, सुमनताईंच्या टायपिंगच्या दुकानात. अर्ज, भाडेकरार, लग्नाच्या आणि दशक्रियेच्या पत्रिका असे कितीतरी मजकूर माझ्यातून कागदावर उतरले.

सुमनताई मूळच्या औशाच्या. यजमान गेल्यावर त्यांनी हे दुकान थाटले. त्यांची बोटे कळफलकावर अशी चालत की गिऱ्हाईक बोलणे विसरून पाहत राही. पुढे त्यांच्या नजरेच्या मधोमध एक धूसर डाग धरू लागला. गेलेली नजर परत येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. ही गोष्ट त्यांनी बहिणीच्या मुलाखेरीज, ज्ञानेशखेरीज, कुणालाच सांगितली नाही. दिसत नाही म्हटल्यावर टायपिंगला कोण येणार?

मग त्यांनी मला आपल्या डोळ्यांजोगे करून घेतले. पडदा काळा केला, अक्षरे पांढरी केली, कर्सर जाड केला आणि झूम दुपटीने वाढवला. मित्रांनो, झूम म्हणजे भिंगासारखे असते. हे मोठे दिसणे फक्त माझ्या काचेवर होते. कागदावर अक्षर उमटे ते नेहमीच्याच मापाचे. म्हणून कुणाला संशय येत नसे.

“ताई, हा स्क्रीन आहे का थेटरचा पडदा?” एखादा विचारी.

“तुम्हाला रस्त्यावरनं वाचता यावं म्हणून, भाऊ,” ताई हसून म्हणत.

ज्ञानेश हिंजवडीच्या कंपनीत होता. एका रविवारी तो दुकानात आला आणि माझ्यासमोर बसला.

“मावशी, निम्मं पान पडद्याबाहेर जातंय की. सारखं सरकवत बसतेस?”

“हाताला सवय झालीय, लेकरा. राहू दे,” असे म्हणून ताई चहा सांगायला गेल्या.

मावशीचे हाल त्याला बघवेनात. त्याने झूम कमी केला आणि फॉन्टचेच, म्हणजे मूळ अक्षराचेच, माप वाढवले. पडद्यावर अक्षरे पूर्वीएवढीच मोठी राहिली, शिवाय अख्खी ओळ एका नजरेत मावू लागली. मी त्याला रीतसर विचारले, हे फक्त याच फाइलसाठी, की यापुढच्या प्रत्येक नव्या फाइलसाठी? त्याने ‘प्रत्येक’ निवडले. मी मानले. समोर बसलेल्याला विचारण्याची सोय माझ्यात आहे. ज्याचे काम आहे त्याला विचारण्याची नाही.

ताई परतल्यावर तो आनंदाने म्हणाला, “बघ, आता काही सरकवायला नको.” ताईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. कागदावरही आता अक्षर मोठेच उमटणार, हे त्याच्या ध्यानात आले नाही. त्याच्या नोकरीत कागद छापण्याची वेळच येत नसे.

दुसऱ्याच दिवशी पुनावळ्याचे नानासाहेब आले. त्यांच्या आई, सोजराबाई, गेल्या होत्या. दशक्रियेची पत्रिका हवी होती. ताईंनी मजकूर घेतला आणि शेवटी सगळ्या भावकीची नावे घातली. अगदी अखेरीस धाकट्या भावाचे, भिमाजींचे कुटुंब. ही पत्रिका नेहमी एका पानात बसे. प्रिंटरमधून पहिला कागद येताच ताईंनी तो उचलला आणि झेरॉक्सकडे वळल्या. मागून दुसरा कागद आला. त्यावर वरच्या कडेला दोनच ओळी होत्या. ताईंनी तो डोळ्यांजवळ धरला. पांढऱ्यावरच्या त्या काळ्या ओळी नजरेतल्या डागात हरवल्या आणि त्यांना तो कोरा वाटला. त्यांनी तो पाठकोऱ्या कागदांत ठेवून दिला.

नानासाहेबांनी गठ्ठा न पाहताच नेला. ताईंच्या कामावर त्यांचा तेवढा विश्वास होता.

संध्याकाळी भिमाजी दुकानात शिरले. हातात पत्रिका होती.

“ताई, माझ्या आईचा कागद, अन् त्यात मीच न्हाई व्हय?”

ताईंचा चेहरा उतरला. “छापताना चूक झाली असेल, भाऊ.”

“चूक? समद्या गावाची नावं बराबर, अन् माझंच चुकलं? जमिनीचं झाल्यापासनं दादा बोलत न्हाई माझ्याशी. पर आईच्या कागदातनं मला काढंल, आसं वाटलं नव्हतं. त्यानंच सांगितलं ना गाळायला? खरं बोला. मग मी घाटावर यायचं का न्हाई ते बघतो.”

बाकावर दोन गिऱ्हाइके बसली होती. ताईंनी त्यांच्या दिशेने पाहिले आणि मग पाठकोऱ्या गठ्ठ्यातला वरचा कागद काढून भिमाजींपुढे धरला.

“यावर काय आहे, वाचा.”

भिमाजींनी वाचले. त्यांचेच नाव होते.

“तुमच्या दादांनी तुमचं नाव मला दोनदा वाचून दाखवायला लावलं होतं, भाऊ. हा कागद मी हातात धरला, पण मला कोरा वाटला. मला दिसत नाही.”

“मग टायपिंग कसं करता वो?” भिमाजींनी हळूच विचारले.

“मोठं करून करते.”

भिमाजींनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला, हात जोडले आणि ते निघून गेले. बाकावरच्या एकाने आपली कागदपत्रे परत पिशवीत सरकवली. “राहू द्या ताई, मला काही घाई नाही.”

दशक्रियेला दोघे भाऊ पवनेच्या घाटावर शेजारी उभे होते, असे नंतर कुणीतरी सांगून गेले. टायपिंगसाठी मात्र फारसे कुणी आले नाही.

दुकान कायमचे बंद करायचे ठरले. ते आवरायला आला तेव्हा ज्ञानेशने त्या पत्रिकेची फाइल उघडली आणि तो डोके धरून बसला. “मावशी, तुझे डोळे नाही चुकले. मी चुकलो.”

“तू माझ्यासाठीच केलंस रे,” ताई म्हणाल्या. “पण तो पडदा म्हणजे माझी बसायची जागा होती. हलवायच्या आधी विचारायचं होतंस.”

मित्रांनो, कुणाची अक्षरे मोठी असतात, कुणाचा पडदा काळा असतो. ती हौस नसते, तो त्या माणसाचा आधार असतो. चांगल्या मनानेसुद्धा त्याला हात लावण्याआधी त्या माणसाला विचारा.

ताई आता औशाला भावाकडे असतात. ज्ञानेश कधीमधी माझ्यावरची चादर काढतो. कोरे पान उघडते आणि ताईंचा जाड कर्सर लुकलुकू लागतो. परवा त्याने त्यांना फोन लावला. “मावशी, सेटिंग तुझं होतं तसं परत करून ठेवू का?”

“विचारलंस, बरं वाटलं,” ताई म्हणाल्या. “पण आता राहू दे, लेकरा. मोठंही दिसत नाही आता.”