मावशींचा अभिप्राय

भांडार शाखेत मी बारा वर्षं काढली होती. बारा वर्षं फरशी पुसायच्या औषधाचं एकच मागणीपत्र काढत आलो. बदलायची ती फक्त तारीख. त्यामुळे यापुढे पर्यावरणाला कमी अपाय करणाऱ्या वस्तूच घ्याव्यात, असं परिपत्रक आलं तेव्हा मी ते वाचलं, सही केली आणि फाइलला लावून मोकळा झालो.

नव्या आलेल्या अधिकारी मॅडमनी नेमकी तीच फाइल उघडली. मग मला तीन कंपन्यांकडून नमुने मागवावे लागले. कागदपत्रं चाळून मी त्यातला एक निवडला, टिपणी लिहिली आणि सहीसाठी नेली.

“हे कुणी वापरून पाहिलंय का?” मॅडमनी विचारलं.

“प्रमाणपत्र जोडलंय, मॅडम.”

“प्रमाणपत्र काही फरशी पुसत नाही. मावशींना विचारलंत?”

मावशी म्हणजे आमच्या तिन्ही मजल्यांची सफाई करणाऱ्या बाई. रोज सकाळी जिन्यात भेटायच्या. मी मान डोलवायचो, त्या बादली बाजूला घ्यायच्या. आमची ओळख ती एवढीच. नमुन्यांचे तिन्ही कॅन घेऊन मी त्यांना शोधत दुसऱ्या मजल्यावर गेलो. त्यांनी नाकावरचा रुमाल खाली केला आणि कॅन घ्यायला हात पुढे केले. ते हात मी पहिल्यांदाच नीट पाहिले. पेरापेरांवर भेगा, तळव्यांची सालं निघालेली, नखं पिवळी पडलेली.

“हे कशानं झालं, मावशी?”

“तुमच्याच औषधानं,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. आज गुरुवार आहे, असं सांगावं तसं सांगितलं.

“पण हातमोजे देतो ना आपण?”

“देता की. वर्षाला एक जोड. तो आठ दिवसांत फाटतो.”

मी तिन्ही कॅन त्यांच्या हाती दिले आणि वापरून बघायला सांगितलं.

एकेका आठवड्याला एकेक, असे त्यांनी तिन्ही नमुने वापरले आणि मग मला बोलावून घेतलं. “पहिलं चिकट आहे, चपला लादीला धरतात. दुसरं काम बरं करतं, पण वासानं डोकं उठतं. तिसऱ्याला ना फेस, ना वास. मला वाटलं, तुम्हाला फसवून पाणीच विकलं! पण डागावर टाकून दहा मिनिटं थांबलं, की हलक्या हातानं निघतो. आणि लिहून घ्या, एवढं औषध लागतच नाही. आम्ही अंदाजानं ओततो. मापाचं झाकण द्या, निम्म्यात भागेल. रिकामे कॅन त्यांनाच परत न्यायला सांगा. जिन्याखाली ढीग झालाय नुसता.”

मी भराभर लिहून घेत होतो. इतकी मुद्देसूद टिपणी आमच्या ऑफिसात आजवर कुणी सांगितली नव्हती.

खरेदी समितीच्या बैठकीत घोडं अडलं ते हेडक्लार्कपाशी. पाठीमागे सगळे त्यांना हरकतराव म्हणायचे. “वासच नाही म्हणजे काय? सफाई झाली हे लोकांना कळणार कसं?” बाकीच्या दोघांनीही त्यांचीच री ओढली.

मॅडमनी मावशींना आत बोलावलं आणि खुर्ची दिली. मावशी खुर्चीच्या काठावर टेकल्या. हरकतरावांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

“साहेब, गेला आठवडाभर तुमची खोली मी यानंच पुसतेय,” मावशी म्हणाल्या. “सफाई झाली नाही, असं एकदा तरी वाटलं का?”

हरकतरावांना स्वतःचंच हसू आलं. “नाही बुवा. उलट या आठवड्यात मला सकाळच्या शिंका आल्या नाहीत. म्हटलं, हवा बदलली असेल.”

ऑर्डर निघाली. मापाचं झाकण, रिकामे कॅन परत, दर महिन्याला जाड हातमोजे, सगळं त्यात आलं. ‘प्रत्यक्ष वापरणाऱ्यांचा अभिप्राय’ या मथळ्याखाली मावशींनी स्वतः सही केली.

दोनेक महिन्यांनी त्या भांडारात आल्या. “एक सांगायचं होतं. रोज सकाळी मी नातीची वेणी घालते. तिचे केस माझ्या भेगांत अडकायचे, पोर कळवळायची. शेवटी म्हणाली, आजी, तू नको, आई घालेल. आता परत माझ्यापुढे येऊन बसते. तुम्ही विचारलंत म्हणून झालं हो.”

मला अवघडल्यासारखं झालं. विचारायला लावलं मॅडमनी, सांगितलं मावशींनी. मी नुसतं उतरवून घेतलं होतं. तेवढं तरी आपल्या हातून झालं, म्हणून मन भरून आलं. मी उठून उभा राहिलो.

“मावशी, आभार मी मानायचे. माझं काम काय असतं, ते मला तुमच्यामुळे कळलं.”

“ते राहू द्या,” त्या हसून म्हणाल्या. “पायपुसणी कधी मागवताय? आहेत त्यांच्या चिंध्या झाल्यात.”

मी कोरा कागद पुढे ओढला. “सांगा, कशी हवीत?”