माळवदावरचे लाल तुरे

दिंद्रुडच्या वरच्या आळीत उत्तरेश्वराचं घर ओस पडलं होतं आणि त्याचा ताप सगळ्या आळीला होता. उत्तरेश्वर मोमिनाबादेला, म्हणजे अंबाजोगाईला, जाऊन राहिला होता. त्याचा बाप इथं राजगिऱ्याचे लाडू करून बाजारात विकायचा. आता त्या घरात साप होते, बाभळी होत्या, आणि या सगळ्याहून वाईट म्हणजे गहिनीनाथाच्या घराला लागलेली एक भिंत होती. ती दरसाल खाली खाली चालली होती. भिंतीच्या अलीकडं गहिनीनाथाची चूल आणि धान्याचं बळद. भिंत गेली की दोन्ही गेलं.

"पावसानं भिंत अशी झिजत न्हाई," तो बायकोला म्हणाला. "कुनीतरी खांदतंय. गुप्तधन हाय तिथं."

सावित्रीबाई भाकरी थापत म्हणाली, "लाडूवाल्याचं गुप्तधन? लाडूच निघतील."

गहिनीनाथाचा संशय असा थट्टेनं जाणारा नव्हता. त्यानं आळीतला एकेक माणूस डोळ्यांपुढं उभा केला. समोरचा बंकट त्या भिंतीजवळून जाताना खोकायचा. मनात काही नसलेला माणूस कशाला खोकेल? धर्मराज तर अजिबात खोकत नसे. ते त्याहून वाईट.

आता आपल्याकडं मृगाच्या आधी माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, पांढरी माती पडली नाही, तर घरात बसून छत्री धरावी लागते. ही माती शेतात मिळत नाही, जुन्या भिंतीचीच लागते. म्हणून गहिनीनाथ दरसाल उत्तरेश्वराच्या भिंतीतून चार टोपल्या आणायचा. पण ती काही चोरी नव्हे, ती रीत. चार टोपल्यांनी भिंत थोडीच खचते?

कार्तिकात गिरदावर, म्हणजे महसुलाचा अंमलदार, दौऱ्यावर आला. आळीनं चावडीत एकमुखानं गाऱ्हाणं घातलं : मालकाला बोलवा, घर नीट करायला लावा, न्हाईतर आमी मेलो. सकाळी येऊन जागा बघतो, असं गिरदावर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गहिनीनाथ माळवदावर वाळत घातलेल्या मिरच्या उलटायला चढला आणि थबकला. बंकटच्या माळवदावर राजगिऱ्याचे लाल तुरे डुलत होते. धर्मराजाच्याही. आळीभर तेच. दरसाल ते दिसायचे आणि सगळे म्हणायचे, पाखरांनी बी टाकलं असंल. आज गहिनीनाथाच्या डोक्यात उजेड पडला. लाडूवाल्याच्या मातीत राजगिऱ्याचं बी, आणि माती गेली तिथं तुरा उगवला!

"घावले सगळे," तो पुटपुटला. मग त्यानं सहज खाली पाहिलं. तो स्वतः गुडघाभर तुऱ्यांत उभा होता.

घाईघाईनं त्यानं एकेक तुरा उपटला आणि भिंतीपलीकडं भिरकावला.

गिरदावर आला, मागं सगळी आळी. गहिनीनाथानं त्याला मानानं वर बोलावलं. "या सरकार, हितनं समदं दिसतंय. ते तुरे बघा. ज्याच्या माळवदावर तुरा, त्यानं भिंत खाल्ली."

बंकट खालून ओरडला, "आरं, नेली माती! न्हाई कोन म्हनतंय? तूबी नेलीस की!"

"माझ्या माळवदावर एक तुरा दाव बे!"

गिरदावरानं पायाखाली पाहिलं. माळवदभर ओले, ताजे खड्डे पडले होते. मग त्यानं भिंतीपलीकडं वाकून पाहिलं. तुऱ्यांचा ढीग अजून सुकलासुद्धा नव्हता.

"गहिनीनाथराव," तो शांतपणे म्हणाला, "बाकीच्यांना लाज न्हाई, हे कळलं. तुमाला आजच सकाळी कशी आली?"

आळी खदखदून हसली. गिरदावरानं तिलाही सोडलं नाही. "मालकाला कशाला बोलवू? त्याची भिंत तर तुमच्या डोक्यावर हाय. उतरवा आन् बांधा."

माती उतरली, भिंत उठली. गहिनीनाथाची चूल वाचली, बळद वाचलं. माळवदं मात्र आळीभर उघडी पडली.

वैशाख सरता सरता आभाळ भरून येऊ लागलं, तसा गहिनीनाथ काठी घेऊन नव्या भिंतीशी राखणीला बसला. येणाऱ्या-जाणाऱ्याकडं तो डोळे बारीक करून बघायचा. बंकट आला आणि खोकला.

"का खोकतोस बे?"

"काठी घेऊन बसलास, लई चांगलं केलंस," बंकट म्हणाला. "पन पाठीमागं ती टोपली कशाला?"