डाव्या हाताचं औषध

आमच्या अभ्यासात येणाऱ्या प्रत्येकाला मी दोन ट्यूब देते आणि एकच सूचना तीनदा देते. निळी टोपी डाव्या हाताला, पांढरी टोपी उजव्या हाताला. बोटाने लावायचं नाही, कापसाच्या काडीने लावायचं. एका हाताने दुसरा चोळायचा नाही, कारण चोळला की दोन्ही मलमं एक होतात आणि आमचे सहा महिने पाण्यात जातात. एका ट्यूबमध्ये कोडावरचं नवं औषध असतं, दुसरीत नुसतंच मलम. कोणत्या हाताच्या वाट्याला काय आलंय हे रुग्णाला ठाऊक नसतं, मला नसतं, अभ्यासाचे प्रमुख असलेल्या आमच्या श्रीरंग सरांनाही नसतं. एवढं घसा कोरडा करून सांगूनही माणसं ऐकत नाहीत. एकाने दोन्ही ट्यूब चेहऱ्याला फासल्या, एकाने मेव्हणीला देऊन टाकली. मग मी चिडते. पुण्याहून या कानडी शहरात, एचएसआर लेआउटमधल्या या संस्थेत आल्यापासून माझी तीच ख्याती आहे. शाल्मलीकडे गेलात तर नियमाने वागा, असं नवीन लोकांना आधीच सांगून ठेवतात.

ठकुबाईंना मात्र एकदाच सांगावं लागलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शब्दाला शब्द परत म्हणून दाखवलं. वय छप्पन्न, माहेर निपाणीकडचं, चामराजपेटेत येऊन तीस वर्षं झालेली. काम लग्नांच्या पंगतीत वाढण्याचं. पण दोन वर्षांपूर्वी दोन्ही हातांच्या पाठीवर आणि मनगटांवर पांढरे डाग पसरले. एका लग्नात त्या भात घेऊन आल्या तर एका पाहुण्याने पानावर हात आडवा धरला. मग त्याच्या शेजारच्यानेही धरला. ठेकेदार महांतेशने त्याच दिवसापासून त्यांना मागे लसूण सोलायला बसवलं.

कोड शिवल्याने लागत नाही हे मी दिवसातून दहा वेळा सांगत असते. महांतेशचं हे ऐकून माझं डोकंच फिरलं. ठकुबाई शांत होत्या. 'ठीक आहे'ला त्यांचा कानडी शब्द ठरलेला, सरी.

"सरी, त्याचं बी बरोबर आहे म्याडम. लोक जेवायचे थांबले तर त्यानं धंदा कसा करायचा? हात बरा झाला की परत पुढं उभी करतो म्हणालाय."

दोन बस बदलून त्या यायच्या, त्यामुळे डबा बरोबर असायचा. पहिल्या दिवशी तपासणी झाल्यावर बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी तो उघडला, ज्वारीची भाकरी अर्धी मोडली आणि माझ्यापुढे धरली. "घ्या की, स्वल्प."

"नको," मी म्हटलं. रुग्णांकडून काही घ्यायचं नाही, असा आमचा नियम आहे. पण तो सांगायच्या आतच माझा फोन वाजला आणि मी आत गेले. पुढच्या खेपेला त्या बाकाच्या टोकाला, माझ्याकडे पाठ करून जेवल्या. बाई लाजतात, असं मला वाटलं.

दर सहा आठवड्यांनी तपासणी असते. डागावर पारदर्शक कागद ठेवून मी पेनाने त्याची कड आखते आणि मागचा कागद त्याच्याशी ताडून बघते. सहाव्या आठवड्याला डाव्या हातावर तिळाएवढे तपकिरी ठिपके दिसले. रंग परत येतो तो असाच, केसांच्या मुळाशी ठिपक्याठिपक्यांनी. बाराव्या आठवड्याला डावा हात निम्मा भरून आला होता. उजव्याची कड मात्र मागच्या कागदाशी तंतोतंत जुळली. कोणत्या ट्यूबमध्ये काय आहे हे सांगायला आता कुणा तज्ज्ञाची गरज नव्हती.

"औषध डाव्याला गेलं बघा," ठकुबाई म्हणाल्या. "आणि वाढायचं उजव्यानं." आणि हसल्या.

मला हसू आलं नाही, कारण त्यांनी पुढे जे सांगितलं ते वाईट होतं. सहा आठवड्यांनी देवनहळ्ळीला मोठं लग्न होतं. महांतेश म्हणाला होता, तोवर हात बरा दिसला तर पंगतीत घेतो, नाहीतर दुसरी बाई कायमची लावतो. आमचा अभ्यास संपायला बारा आठवडे होते. तो संपला की दोन्ही हातांना खरं औषध मिळणार होतं. महांतेश तेवढा थांबणार नव्हता.

मी उठून दार लावलं. आजवर ज्यासाठी दहाजणांवर ओरडले असेन तेच मी बोलले. "अक्का, घरी कुणी बघायला येत नाही. निळी टोपी उजव्याला लावली तर सहा आठवड्यांत ठिपके तरी येतील."

त्यांनी दोन्ही ट्यूब पिशवीत टाकल्या आणि "सरी" म्हणून गेल्या. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि तरीही त्यांनी माझं ऐकावं असं मनापासून वाटत होतं.

अठराव्या आठवड्याला त्या आल्या. मी आधी उजवा हातच ओढून घेतला. कागद ठेवला, कड आखली, मागच्याशी ताडून पाहिली. एका रेषेचाही फरक नव्हता. एक ठिपका नव्हता.

"लावलं नाहीत?" माझा आवाज चढला. "आणि लग्न?"

"झालं की परवा. मी मागं लसणाला होतो. नवी बाई लागली वाढायला. हात चांगला आहे तिचा, पर भाताचा ढीग घालती."

"मी सांगितलं होतं ना तुम्हाला."

"सांगितलासा." त्यांनी हात सोडवून घेतला आणि पदराखाली ठेवला. "म्याडम, पंगतीत मधल्याच्या पानातलं उचलून दुसऱ्याला वाढलं तर शेवटच्या पानाला काय पोचलं ते कुणाला कळत न्हाई. बाहेर ती पोर बसलीया, ओठावर डाग असलेली. माझ्या हातावरनं पुढच्यांचं औषध ठरणार, असं तुम्हीच म्हणालासा पयल्या दिवशी. मी डावं-उजवं केलो असतो तर तिला काय पोचलं असतं?"

इतका संताप आला होता, पण तो काढायचा कुणावर?

"तुमचं मन मोठं आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून एक विचारतो. पयल्या दिवशी भाकरी नको म्हणालासा. ते माझ्या हाताकडं बघून काय?"

अठरा आठवडे हा प्रश्न त्या बाईंनी मनात ठेवला होता. दोन बस बदलून येत होत्या, मी सांगेन तसं मलम लावत होत्या, आणि मला त्या लग्नातल्या पाहुण्यांच्या ओळीत बसवून मोकळ्या झाल्या होत्या. आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

"नाही हो अक्का. नियम आहे आमचा," मी म्हटलं. खरं होतं, पण अठरा आठवड्यांनी सांगितल्यावर ते लंगडं वाटत होतं. त्यांनी मान डोलावली. विश्वास बसला की नाही ते कळलं नाही.

मी तशीच उठून श्रीरंग सरांच्या खोलीत गेले आणि बाराव्या आठवड्याला दार लावून काय बोलले ते त्यांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी मला फार बोल लावले नाहीत, ते लावले असते तर बरं वाटलं असतं. सगळं लिहून घेतलं, सही घेतली आणि यापुढे ठकुबाईंची तपासणी माझी सहकारी सिद्धी करेल, असं सांगितलं. ठकुबाईंनी नियम पाळला होता, त्यामुळे त्यांचे आकडे शाबूत राहिले.

बाहेर आले तेव्हा त्या बाकाच्या टोकाला पाठ करून बसल्या होत्या, डबा मांडीवर. मी वळसा घालून त्यांच्यासमोर गेले आणि खाली फरशीवर मांडी घातली. ओठावर डाग असलेली मुलगी आमच्याकडे बघायला लागली.

"अक्का, मला वाढा."

"आणि नियम?"

"तुमच्या तपासणीवरून काढलंय मला. आता तुम्ही माझ्या रुग्ण नाही."

पान नव्हतं. मी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. त्यांनी उजवा हात पदराला पुसला आणि घटकाभर तसाच पदराला धरून ठेवला. मग भाकरी मोडली, माझ्या हातावर ठेवली, तिच्यावर शेंगदाण्याची चटणी घातली आणि तेलाची धार सोडली. घाई नाही, सांडणं नाही. दोन वर्षांनी वाढत होत्या, पण हाताला सगळं आठवत होतं. मला रडू येत होतं आणि घास गिळायचा होता, दोन्ही एकदम जमत नव्हतं.

अर्धी भाकरी संपली. त्या वाकून माझ्या हातांकडे बघत होत्या, पंगतीत बघतात तसं.

"आणखी?"

माझं पोट भरलं होतं. मी म्हटलं, "वाढा."