नऊ वर्षांचं घरकाम

नर्सिंग शाळेतल्या मुली ट्यूटर मॅडमना पाठीमागे ‘दुर्बीण’ म्हणत. मॅडमना हे ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं. बाराशे खाटांच्या त्या रुग्णालयाच्या सहाव्या मजल्यावर शाळा होती. तेवीस वर्षांत तिथे किती जणींची खोटी आजारपणं, उसनी जर्नल्स आणि न धुतलेले हात त्यांनी पकडले असतील, त्याला गणती नव्हती. घरी यजमान छापखान्यासाठी मुद्रितं तपासायचे. नवराबायको दोघंही चुका शोधून पोट भरतात, असं त्यांची नणंद म्हणायची.

त्या वर्षी तुकडीत चाळीस मुली होत्या. एकोणचाळीस जणी अठरा-एकोणीसच्या, आणि एक बत्तीस वर्षांची. तिला सगळ्या पहिल्याच दिवशी ताई म्हणायला लागल्या. अंगाने बारीक, बोलायला कमी, वर्गात खिडकीकडच्या शेवटच्या बाकावर बसणारी. मॅडमना सुरुवातीला तिचं कौतुकच वाटलं. या वयात शिकायला यायचं म्हणजे गंमत नव्हे.

संशयाची पाल चुकचुकली ती सरावाच्या खोलीत. काचेची कुपी फोडून औषध सिरिंजमध्ये ओढायचा पहिला दिवस होता. त्या दिवशी दर वर्षी चार-पाच जणींची बोटं कापतात आणि एखादी भोवळ येऊन खालीही बसते. ताईने कुपी उचलली, मानेवर टिचकी मारून वरचं औषध खाली आणलं, कापसाचा बोळा करंगळी आणि अनामिकेत धरला आणि टक् करून मान मोडली. दुसरी मोडली, तिसरीही मोडली. मग तिने मान वर केली, तर मॅडम बघत होत्या.

चौथी कुपी तिच्या हातून फरशीवर पडली.

“घाबरलात का?” मॅडमनी विचारलं.

“हो मॅडम. पहिल्यांदाच ना.”

मॅडमनी काचा गोळा करायला सांगितल्या. पण कुपी पडली नव्हती, पाडली होती, हे त्यांनी स्वच्छ पाहिलं होतं. येत नसताना येतंय असं दाखवणाऱ्या मुली त्यांनी पोत्याने पाहिल्या होत्या. येत असून येत नाही असं दाखवणारी ही पहिलीच.

त्यानंतर त्या तिच्यावर डोळा ठेवूनच राहिल्या. रक्तदाबाचा पट्टा ती कोपराच्या वर नेमका दोन बोटांवर बांधायची आणि आकडा मात्र मुद्दाम दहाने चुकवून सांगायची. रुग्णाला कुशीवर वळवताना तिचा हात आपोआप कमरेखाली जायचा, आणि दुसऱ्याच क्षणी ती शेजारच्या मुलीला विचारायची, “असंच ना गं?”

मॅडमनी तिचा प्रवेशाचा फॉर्म काढला. दहावीनंतर मोठी फट होती. दोन वर्षांपूर्वी बाहेरून बसून बारावी. त्याआधीच्या नऊ वर्षांच्या रकान्यात एकच शब्द होता: घरकाम.

“घरकाम करून कोणी कुपी फोडायला शिकत नाही,” त्या रात्रीच्या जेवणाला यजमानांना म्हणाल्या.

“लोणच्याच्या बरण्या फोडून शिकली असेल.”

“चेष्टा नको. कुठेतरी नर्स होती ही. काहीतरी भानगड करून नोंदणी घालवली असणार आणि आता नव्याने सोवळी होऊन आलीय.”

नोंदणी रद्द झालेल्या नर्सेसची यादी त्यांनी दोन दिवस बसून चाळली. ताई त्यात नव्हती. एवढ्याने समाधान व्हायला हवं होतं, पण मॅडमच्या मनात संशयाने उलट जास्तच घर केलं. नाव बदललं असेल तर?

आणि त्याच आठवड्यात शस्त्रक्रियेच्या वॉर्डातून वेदनाशामक औषधाच्या दोन कुप्या गायब झाल्या. वॉर्डात त्या सकाळी शाळेच्या सहा मुली होत्या. सहांत ताई होती.

मॅडमनी कोणालाही विचारलं नाही. मुली जेवायला गेल्यावर त्यांनी कार्यालयातली जादा किल्ली घेतली आणि ताईचं लॉकर उघडलं. आत घडी केलेला गणवेश होता, कंगवा, आणि प्लास्टिकच्या पिशवीत एक जुनी वही. कुप्या नव्हत्याच. वही त्यांनी उभ्याउभ्याच वाचली.

‘लाल पट्टी, बुटकी बाटली: छाती धडधडली तर अर्धी. निळी पट्टी: उलटी. पिवळं झाकण: ताप, मुलांना पाव.’ पानामागून पान हेच. एकाही औषधाचं नाव नव्हतं, नुसते रंग आणि आकार. काही पानं एका छोट्या खासगी दवाखान्याच्या छापील कागदाची होती, वर डॉक्टरचं नाव आणि पत्ता. शेवटच्या पानावर ‘लाल पट्टी’ हे शब्द पेनाने इतके गिरवून खोडले होते की कागद फाटला होता.

त्यांनी वही होती तशी ठेवली. खाली येतात तर वॉर्डच्या मुख्य सिस्टर हसत म्हणाल्या, “अहो, सापडल्या त्या कुप्या. दुसऱ्या ट्रेमध्ये गेल्या होत्या. माझाच वेंधळेपणा.”

मॅडमना हायसं वाटलं नाही. चोरी नव्हती, पण वही तर होती.

रविवारी त्या बस बदलत त्या दवाखान्यात गेल्या. दहा खाटा, भिंतींना नुकताच रंग दिलेला. डॉक्टर गोड बोलणारा होता. “ती होय? इथे झाडूपोछा करायची. स्वभावाने बरी होती, पण हात जरा... कळलं ना तुम्हाला? म्हणून काढली. तुमच्याकडे कशी काय आली?”

मॅडम उत्तर देणार, तेवढ्यात शेजारच्या खोलीचं दार उघडलं. आत साध्या कपड्यातली एक बाई सलाईनच्या बाटलीजवळ उभी होती. तिने कुपीवर टिचकी मारली, कापसाचा बोळा करंगळी आणि अनामिकेत धरला आणि टक् करून मान मोडली. डॉक्टरने उठून दार लोटलं.

“ही पण झाडूपोछा का?” मॅडमनी विचारलं.

डॉक्टर हसायचा थांबला.

सोमवारी वर्ग सुटल्यावर त्यांनी ताईला थांबवून घेतलं. “दवाखान्यात जाऊन आले मी.”

ताई जागीच बसली. मग म्हणाली, “पत्ता कुठून मिळाला? माझं लॉकर उघडलंत?”

“उघडलं.”

“चोर समजून?”

“हो.”

“मी केलं त्यापेक्षा चोर बरा, मॅडम,” ती म्हणाली, आणि पुढे सांगत गेली. झाडायलाच लागली होती. सहा महिन्यांत डॉक्टरने सिरिंज हातात दिली. हात चांगला आहे म्हणाला. औषधांची इंग्रजी नावं धड वाचता येत नव्हती म्हणून तिने रंगांची वही केली. नऊ वर्षं लोक तिला सिस्टर म्हणत होते आणि तिला ते गोड लागत होतं. मग एके दिवशी खोक्यातून नवीन माल आला. कंपनी बदलली होती आणि लाल पट्टी दुसऱ्याच औषधावर होती. समोर एक निवृत्त शिक्षक होते, नेहमीचे.

“वाचले ते. पण वाचा गेली. उजवा हातही गेला. डॉक्टर मास्तरांच्या सुनेला म्हणाले, वय झालंय, झटका आला. आणि त्या सुनेने माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, सिस्टर, तुम्ही होतात म्हणून वाचले.” ताईने हात मांडीखाली दाबले. “त्यानंतर मी तिथे गेले नाही. बारावीला बसले.”

मॅडमना हे सगळं खरं वाटलं. आणि खरं वाटलं म्हणूनच त्या सावध झाल्या, कारण चांगलं रचलेलंही असंच वाटतं. “हे लिहून द्याल? प्राचार्यांकडे? तुम्ही नाही दिलं तर मी देईन.”

“देते. पण आधी त्यांच्या घरी जायचंय. दोन वर्षं जिन्यापर्यंत जाऊन परत येते. तुम्ही याल बरोबर?”

ही आता पळणार असंच मॅडमना वाटलं. म्हणूनच त्या गेल्या.

तिसऱ्या मजल्यावर सुनेने दार उघडलं. मास्तर खिडकीशी खुर्चीत होते. ताईने उभ्यानेच सगळं सांगितलं, काही न गाळता. मास्तर तिच्याकडे बघत राहिले. सून आधी गोंधळली, मग तिचे डोळे बारीक झाले.

“कोणी पाठवलं तुम्हाला? डॉक्टरांनी कामावरून काढलं म्हणून सूड घेताय? आणि या कोण बरोबर? वकील?”

“मी शिकवते यांना,” मॅडम म्हणाल्या.

“काय शिकवता? घरोघरी जाऊन खोटं बोलायला? तो देवमाणूस आहे. फी निम्मी केली होती आमची. निघा.”

दार बंद झालं. जिन्यात ताई भिंतीला टेकली. “मला वाटलं होतं मारतील. विश्वासच ठेवणार नाहीत, असं नव्हतं वाटलं.”

मॅडम तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. इतके दिवस त्यांनीही दुसरं काय केलं होतं?

ताईने तीन पानी जबाब दिला. त्याच्याबरोबर मॅडमनी स्वतःचाही एक कागद जोडला. विद्यार्थिनीच्या परवानगीशिवाय लॉकर उघडलं, असं त्यात लिहिलं होतं. प्राचार्यांनी दोन्ही कागद वाचले आणि चष्मा काढला.

“हे घेतलं की मला वर पाठवावं लागेल. तिचा फॉर्म खोटा ठरेल, नाव कमी होईल. तुमच्या सेवापुस्तकात ठपका येईल. विचार करा. ती चांगली नर्स होईल, आणि कोणी विचारलेलं नाही.”

“तिने स्वतःलाच विचारलंय,” मॅडम म्हणाल्या.

नाव कमी झालं. त्या दिवशी मुली जिन्यावर रडत होत्या आणि सहाव्या मजल्यावर मॅडमशी कोणी बोललं नाही. चौकशी बसली. डॉक्टरने वकील आणला आणि ताई झाडूवालीच होती, असं शपथेवर सांगितलं. प्रकरण त्याच्या बाजूला झुकत चाललं होतं. मग सुनावणीच्या तिसऱ्या तारखेला मास्तरांची सून आली, हातात कापडी पिशवी. त्यात दवाखान्याच्या सगळ्या चिठ्ठ्या होत्या. घरी तिने एकेक चिठ्ठी मास्तरांपुढे धरली होती आणि ते इंजेक्शन ताईनेच दिलं होतं का, ते मास्तर डाव्या हाताने खुणेने सांगत होते. त्या दिवशीच्या चिठ्ठीवर औषध नेहमीपेक्षा वेगळं होतं, आणि इंजेक्शन कोणी दिलं त्या जागी ‘सिस्टर’ एवढंच लिहिलेलं, डॉक्टरच्या हातचं. तिने साक्ष दिली. जाताना ताईच्या बाजूने गेली, पण थांबली नाही.

दवाखाना बंद झाला. काही महिन्यांनी डॉक्टरच्या मेहुण्याच्या नावाने तो दुसऱ्या गल्लीत उघडला, असं मॅडमच्या कानावर आलं. त्यांनी त्याविरुद्ध पुन्हा तक्रार अर्ज केला आहे. त्याचं काय झालं ते अजून कळलेलं नाही.

वयाची अट पस्तिशीची होती. पुढच्या वर्षी ताईने नवा फॉर्म भरला. नऊ वर्षांचा रकाना पुरला नाही, म्हणून मागे कागद जोडला. निवड समितीत दोन विरुद्ध एक असा वाद झाला आणि शेवटी तिला घेतलं, एका अटीवर: तिन्ही वर्षं तिने दिलेल्या प्रत्येक इंजेक्शनशेजारी कोणीतरी उभं राहील.

पहिल्या दिवशी वॉर्डात शेजारी मॅडमच उभ्या होत्या. खाटेवरचा रुग्ण बेरकी होता. त्याने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं.

“या नवीन दिसतात. येतं ना यांना नीट?”

“शिकतेय,” ताई म्हणाली आणि कुपी उजेडात धरून तिच्यावरचं नाव मोठ्याने वाचायला लागली.