आपलीच गाडी

मी साहेबराव ड्रायव्हरांच्या दारातली लाल गाडी बोलतेय. दोन सीटांची, बुटकी, टप मागं दुमडता येणारी. माझ्या बॉनेटवर आता कोंबड्या बसतात, म्हणून मला काही कळत नाही असं समजू नका. मला सगळं कळतं आणि रागही येतो. आज तो काढणार आहे, तेव्हा जरा टेका आणि ऐका.

माझा जन्म एक्क्याण्णव सालचा, परदेशातला. वळणावर रस्त्याला चिकटून राहायचं आणि सरळ रस्ता दिसला की सुटायचं, एवढ्याचसाठी मला बनवलं. डिकीत एक पोतं मावत नाही. रांजणगावच्या एका कारखान्यातल्या परदेशी साहेबानं मला इकडं आणलं. रविवारी सकाळी तो टप काढायचा आणि नगर रस्त्यावर मला मोकळी सोडायचा. काय पळायचे मी!

साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्यानं किल्ली आपल्या ड्रायव्हरच्या, म्हणजे साहेबरावांच्या हातात ठेवली. गाडी तुला, म्हणाला. कारखान्यात सगळे हसले. साहेब गेले, साहेबराव आले, असं म्हणायला लागले.

साहेबराव भला माणूस, त्याबद्दल वाद नाही. पण त्यांनी माझं केलं काय? वरातीची गाडी! शिरूर म्हणू नका, दौंड म्हणू नका, लगीनसराई लागली की आज इनामगाव, उद्या खुटबाव. नवरदेव सीटवर बसेल तर शपथ. टप मागं दुमडायचा, त्याच्यावर नवरदेव आणि त्याचे नवेकोरे बूट माझ्या सीटवर. पुढं बँड, बँडपुढं नाचणारे, आणि मी पहिल्या गिअरात, अर्धा क्लच दाबून, पावला-पावलानं. एखाद्या मामाला नाचाचा जोर चढला की सगळी वरात जागच्या जागी. माझी क्लचप्लेट जळायची, वास सुटायचा, आणि लोक म्हणायचे, फटाक्यांचा वास येतोय. फटाक्यांचा! पळण्यासाठी जन्माला आलेल्या गाडीला माणसांच्या मागं चालायला लावायचं, याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

साहेबरावांचा मुलगा महेंद्र डिप्लोमा करून रांजणगावातच नोकरीला लागला. दोन हजार सात साली त्याचं लग्न ठरलं, राहू गावच्या मोनालीशी. गावात आमची बौद्धांची वस्ती ओढ्याच्या अलीकडं, लग्नाचा मांडव पलीकडं हायस्कूलच्या मैदानावर, आणि मधे पेठ. गावातल्या प्रत्येक नवरदेवाची मिरवणूक पेठेतूनच जाते. महेंद्रलाही तशीच जायची होती, वाजतगाजत. फक्त माझ्यावर बसून नाही. हे डबडं नको, म्हणाला. मी तिथंच उभी होते, माझ्यासमोर म्हणाला.

त्याला हवी होती बाळासोची गाडी. बाळासो म्हणजे खडी क्रशरवाला, महेंद्रचा शाळासोबती, क्रिकेटच्या टीममधला जोडीदार. त्यानं माझ्याच घराण्यातली नवी गाडी घेतली होती. नाव माझंच, अवतार पुढचा. चंदेरी रंग, आत एसी, बटण दाबलं की टप आपोआप दुमडतो. महेंद्रनं नुसता विषय काढला, तर बाळासो त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "इचारतो काय? आपलीच गाडी हाय. कवाबी ने."

लग्नाच्या आदल्या रविवारी बाळासोनंच टूम काढली, दोन्ही गाड्या भीमेच्या पुलापर्यंत नेऊ आणि बघू कोण सरस. चंदेरीत महेंद्र आणि बाळासो बसले. मला साहेबरावांनी काढलं आणि शेजारी बसल्या सोजरबाई, त्यांची मालकीण. गाडीत बसल्याबसल्या त्या म्हणाल्या, "अवं, दारात गाडी असून मी हिच्यात कवा बसले व्हते?" खरंच नव्हत्या बसल्या. लोकांच्या सुना मिरवल्या मी, घरची बाई कधी नाही.

थंडीचे दिवस होते. न्हावऱ्याच्या पुढं दोन्ही बाजूंना ऊस, मधेच एखादं गुऱ्हाळ, आणि रसाचा वास थेट माझ्या सीटांपर्यंत. सोजरबाईंनी आधी पदर घट्ट धरला, मग सोडून दिला आणि हसायला लागल्या. साहेबरावांनी मला कधी नव्हे ते ताणलं. सरळ रस्त्यावर चंदेरीनं मला मागं टाकलं, खोटं कशाला बोलू? तिच्या इंजिनात ताकद जास्त. पण नदीकडं उतरताना जी वळणं लागतात, तिथं तिचं अंग जड पडलं आणि मी तिला गाठलं. पुलाजवळ पाण्यावर ऊन पडलं होतं, काठाला बगळे उभे होते. चंदेरीच्या काचा मात्र वरपर्यंत बंद.

पुलावर उतरून महेंद्रनं निकाल दिला. नवीच सरस. म्हणाला, "आबा, तिच्यात बसल्यावर रस्ता कळतच न्हाई." अरे, रस्ता कळू नये म्हणून गाडी घेतात का? पण मला कोण विचारतो? बाळासो खूश झाला. पुन्हा म्हणाला, आपलीच गाडी.

लग्नाच्या दिवशी चंदेरी झेंडूनं मढली होती. माझ्याकडं काम दिलं पाण्याचे बॉक्स आणि हारांच्या पाट्या नेण्याचं. वस्तीतून मिरवणूक निघाली. निळे झेंडे, पुढं बँड, फेटा बांधलेला महेंद्र चंदेरीवर, आणि स्टिअरिंगवर खुद्द बाळासो. शेपटाला मी.

ओढा ओलांडला, पेठ जिथं सुरू होते तिथं चंदेरी थांबली. बाळासो खाली उतरला. आधी म्हणाला, पेठ अरुंद आहे, गाडीला ओरखडे येतील, कालव्याच्या रस्त्यानं घेऊ. महेंद्र म्हणाला, परवा तुझ्या चुलतभावाला याच गाडीतून पेठेतूनच नेलंस की. बाळासोनं इकडं तिकडं बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "गाडी आपलीच हाय रे. पन पेठंतनं न्हाई. भायेरनं जाऊ. मला गावात ऱ्हायचंय."

आपलीच! काय शब्द आहे बघा. पुलावर आपलीच, क्रिकेटला आपलाच, चहाला आपलाच, आणि पेठेच्या तोंडाशी आलं की बाहेरनं. महेंद्र तो शब्द खरा धरून चालला होता, एवढीच त्याची चूक. बरं, नाही द्यायची तर आधी सांगायचं होतं. नवरदेवाला भर रस्त्यात, सगळ्या सोयऱ्यांसमोर अडवायचं? माझ्याजवळ हॉर्नशिवाय काही नाही, नाहीतर त्याच दिवशी बोलले असते.

महेंद्र चंदेरीवरून खाली उतरला. बँड थांबला. कुणीतरी म्हातारं माणूस पुटपुटलं, जाऊ द्या बाहेरनं, शुभकार्य आहे. तेव्हा साहेबराव पुढं आले. त्यांची स्वतःची मिरवणूक त्या काळी बाहेरनंच गेली होती, आणि हे त्यांनी पोराला कधी सांगितलं नव्हतं. आज सर्वांदेखत सांगितलं. मग माझ्यातले पाण्याचे बॉक्स एकेक करून रस्त्यावर ठेवले, टप मागं दुमडला आणि म्हणाले, "महेंद्र, चढ वर. आन् बँडवाल्यांनो, वाजवा."

महेंद्र माझ्यावर बसला. त्याचे बूट माझ्या सीटवर आले आणि मला राग आला नाही.

आम्ही पेठेत शिरलो. दुकानदार गल्ल्यावरून उठून बघत होते, ओट्यावर बसलेले बसूनच होते. कुणी नमस्कार केला नाही, कुणी आडवंही आलं नाही. साहेबरावांचा पाय अर्ध्या क्लचवर होता. आणि मी, जन्मभर हळू चालण्याला शिव्या घालणारी, मनात म्हणत होते, साहेबराव, अजून हळू. बघू दे सगळ्यांना पोटभर.

चावडीसमोर माझा क्लच गेला. इंजिन ओरडतंय, चाकं जागची हलेनात, जळका वास सगळ्या पेठेत. ओट्यावरून एकजण हसला आणि म्हणाला, उतरा आता, चालत जावा. महेंद्रनं पाय खाली सोडला. तेवढ्यात सोजरबाई मागून आल्या.

"पाय वर घे," त्या म्हणाल्या. "न्हाई उतरायचं."

आणि नव्या लुगड्याचा पदर खोचून त्यांनी माझ्या डिकीला दोन्ही हात लावले. मग त्यांच्या जावा आल्या, मग वऱ्हाडातले बाप्ये, मग ताशेवाल्यानं ताशा गळ्यात अडकवून एक हात लावला. साहेबराव स्टिअरिंग धरून बसले होते आणि डोळे पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता. अख्खी पेठ त्यांनी मला ढकलत नेलं. मांडवात पोचेपर्यंत महेंद्रचा पाय जमिनीला लागला नाही.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. माझा क्लच मिळत नाही, तो बनायचाच बंद झालाय. चंदेरी अजून गावात सुसाट फिरते. लोक साहेबरावांना विचारतात, दोघींत चांगली कोणती? ते हसतात, पण मी सांगते. पळण्यात तीच. तिचा मला राग नाही, तिची किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती. राग आहे तो त्या आपलीच म्हणणाऱ्या तोंडाचा, आणि तो माझा पत्रा गंजला तरी जायचा नाही.

कालच शिरूरचा भंगारवाला येऊन मला बघून गेला. टेम्पोत घालून, कालव्याच्या रस्त्यानं पटकन नेतो, म्हणाला. साहेबराव, तुम्ही मला द्या, माझी तक्रार नाही. फक्त त्याला एवढं सांगा, बाहेरनं नेऊ नको. पेठेतून ने.