मारितने न छापलेला फोटो

हेस्टॉय बेटावरचा मासळीचा कारखाना ईस्टरनंतर कायमचा बंद होणार, हे जाहीर झालं तेव्हा मारितला तिथे येऊन वर्ष होत आलं होतं. कॅमेरा घेऊन बर्गनहून आलेली ही बाई नक्की करते काय, हे पहिले दोन महिने कुणालाच उमगलं नव्हतं. मासळीच्या सरकत्या पट्ट्याशेजारी उभी राही, फोटो काढी आणि सगळ्यांच्या पायात पायात येई. शेवटी बोर्गहिल्ड वैतागली.

"नुसती खांबासारखी उभी राहणार असशील, तर ती खोकी तरी उचल!"

मारितने खोकी उचलली. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत तिच्यापुढेही कॉफीचा कप येऊ लागला, आणि बोर्गहिल्ड तिला मासे ओळखायला शिकवू लागली.

बोर्गहिल्ड तिथली सगळ्यांत जुनी कामगार. सदतीस वर्षं कॉड माशांचे काटे काढत आलेली, जिभेने तिखट. फेब्रुवारीतल्या एका दुपारी ती जेवणाच्या खोलीत बसल्या बसल्या झोपली. डोकं भिंतीला टेकलेलं, गालावर एक खवलं चमकतंय, खिडकीतून आलेलं उतरतं ऊन थेट तोंडावर. मारितने चार फोटो घेतले. त्यातला तिसरा तिच्या वीस वर्षांच्या कामातला सर्वांत चांगला होता, हे तिला फिल्म धुताक्षणी कळलं.

कारखान्यावरच्या तिच्या पुस्तकाचा प्रकाशक अर्नफिन तो पाहून खुर्चीतून उठलाच. "हेच मुखपृष्ठ! दुसरं काही दाखवूच नकोस."

सगळ्या कामगारांनी परवानगीच्या कागदावर आधीच सह्या केल्या होत्या. तरी छापण्याआधी ज्याचा फोटो त्याला नेऊन दाखवायचा, ही मारितची सवय. कारखाना बंद झाल्यावर मे महिन्यात ती बोर्गहिल्डच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली.

बोर्गहिल्डने चष्मा लावला. "मेलेली दिसतेय की गं मी!"

"दमलेल्या दिसताय. आणि सुंदर."

"सुंदर म्हणे! तोंड वासलेलं, गालाला खवलं." ती हसत होती. मग हसता हसता थांबली. "हा कोणत्या दिवशीचा?"

मारितने मागची तारीख वाचली. "अकरा फेब्रुवारी."

बोर्गहिल्डने फोटो टेबलावर पालथा घातला.

"आई गेली तो दिवस. आदल्या दोन रात्री तिच्या उशाशी बसून काढल्या होत्या. सकाळी नर्स म्हणाली, आज बऱ्या आहेत, जा कामावर. म्हणून गेले. सुट्टीत जरा टेकले आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा तीन फोन येऊन गेले होते. पाच मिनिटांवर वृद्धाश्रम, मारित! पळत गेले, तोवर सगळं आटोपलं होतं. झोपले होते हे मी कुणाजवळ बोलले नाही."

त्या दुपारचा एक आवाज मारितला आठवला. बोर्गहिल्डच्या एप्रनच्या खिशात फोन घरघरत होता. "आता ही जागी व्हायला नको," एवढाच विचार तिच्या मनात आला होता, आणि तिने आणखी दोन फोटो घेतले होते.

गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? पण समोर बसून तिला ते जमेना.

"मी ऐकला होता तो फोन," ती म्हणाली. "फोटो हवा होता, म्हणून तुम्हाला उठवलं नाही."

बोर्गहिल्डने चष्मा काढून ठेवला.

"आता तू जा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मारितने अर्नफिनला फोन करून तो फोटो पुस्तकातून काढायला सांगितला.

"सही आहे ना तिची?" अर्नफिन ओरडला. "मग नाचतेस कशाला? कारण तरी सांग!"

"कारण सांगता येणार नाही."

"वेड लागलंय तुला."

चारही निगेटिव्ह पाकिटात घालून मारितने बोर्गहिल्डला पोस्टाने पाठवल्या. सोबत दोन ओळींचं पत्र होतं. उत्तर आलं नाही. मुखपृष्ठावर खुंट्यांना टांगलेले रिकामे एप्रन आले. एका परीक्षणात लिहिलं होतं की पुस्तक नीटनेटकं आहे, पण त्यात मनात राहील असा एकही चेहरा नाही. मारितने ते वाचलं. तिला ते पटलंही.

सप्टेंबरमध्ये कारखान्याच्याच रिकाम्या शेडमध्ये प्रदर्शन भरलं. बेटावरची बहुतेक माणसं आली. दुपारी बोर्गहिल्डही आली. कुणाशी न बोलता भिंतीकडेने एकेक फोटो पाहत गेली आणि एका फोटोपाशी थांबली.

"इकडे ये," तिने मारितला बोलावलं. "खाली कॉड लिहिलंयस. हा हॅडक आहे. अंगावरचा काळा डाग दिसत नाही?"

"चुकलंच."

"पाकीट मिळालं," बोर्गहिल्ड फोटोकडेच पाहत म्हणाली. "जाळलं नाही, ठेवलंय. तुला माफ केलंय की नाही, ते माझं मलाच अजून कळलेलं नाही. तेव्हा विचारू नकोस."

"नाही विचारणार."

"आधी हे खोडून नीट लिही. लोक हसतील मला, की हिने शिकवलं ते असं!"

मारितने पेन काढलं आणि ती फोटोखालच्या पाटीपुढे वाकली.